मेडशीत पेस्तो, बॉस!

अकोल्याहून वाशीमकडे निघालात, की पातूरनंतर मेडशी लागतं. तिथल्या एका ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये चक्क इटालियन मिळतं! भिंतीवर प्लॅस्टिकची द्राक्षं, भर दुपारी टेबलावर मेणबत्ती आणि मेनू कार्डावर पेस्तो पास्ता. किंमत थेट पुण्याची.

आता पेस्तो म्हणजे काय, तर इटलीतल्या जेनोआची हिरवी चटणी. बेसिलची पानं, लसूण, पाइनचे दाणे, चीज, ऑलिव्ह ऑइल. नावच मुळी ‘कुटणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून पडलंय. म्हणजे आपला ठेचाच की! माझ्या प्लेटमध्ये मात्र आला गारढोण हिरवा लगदा.

तेवढ्यात किचनमधून सणसणीत ठसका आला. आतली पोरं स्वतःसाठी तव्यावर मिरच्या-लसूण भाजून तांब्याच्या बुडाने रगडत होती. सोबत ज्वारीची भाकर. मी तेच मागितलं, तर वेटर ओशाळला.

‘ताई, हे आमचं जेवन हाय. मेनूत नाही ठेवत.’

‘का?’

‘गिऱ्हाइकाले गावठी वाटते न.’

दोन भाकरी हाणल्या, ठेच्यावर कच्चं तेल घेऊन. पैसे घ्यायलाच तयार नव्हते. मग बिलात लिहायचं काय, यावर काउंटरवर बराच खल झाला. शेवटी लिहिलं, ‘एक्स्ट्रा’.