टायमिंगचा पट्टा अंगणात बदलताना

पंख्याचा पट्टा सैल झाला की किंचाळून सांगतो. टायमिंगचा पट्टा बहुधा काहीच सांगत नाही. तो तुटला की चालती गाडी जागीच थांबते. आमच्या आलापल्लीहून भामरागडला निघा की सिरोंच्याला, दोन्हीकडे जंगलच. त्यातून रात्रीची वेळ आणि गाडीत अडलेली बाई असली, तर? म्हणून आमच्या जुन्या मारुती ८०० चा पट्टा मी मुदत संपण्याआधीच बदलतो, तोही घरच्या अंगणात.

या पट्ट्याचे काम सोपे, पण नेमके. खालचा क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा वरचा कॅम एकच घेतो आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो, मिटतो. पट्टा दाताने चुकला की वेळ चुकते. वाफसा हुकल्यावर पेरणीचे होते तसेच. काही इंजिनांत तर पट्टा तुटताच पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि मोठा खर्च निघतो.

इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची वायर काढा. गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. पक्के स्टँड लावा. झाकण काढल्यावर आधी दोन्ही पुलींच्या खुणा जुळवा, मगच जुना पट्टा सैल करा. ताण देणारी पुली बोटाने फिरवून पाहा. खरखरली तर तीही बदला. तेल झिरपत असेल तर आधी ते थांबवा, कारण तेलाने नवा पट्टाही कुजतो. नवा पट्टा दुमडू नका.

आता घाई नको. सेल्फ मारण्याआधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरते त्याच दिशेने, हाताने दोन पूर्ण फेरे द्या आणि खुणा पुन्हा पाहा. कुठे अडले तर जोर लावू नका. आमच्याकडे दिवा मुलगी धरते. खुणा मी पाहतो, मग ती पाहते. दोघांचे एकमत झाल्याशिवाय झाकण बसत नाही.

पट्ट्याची मुदत गाडीच्या पुस्तकात किलोमीटर व वर्षे अशी दिलेली असते. जे आधी भरेल ते धरा. गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होतेच. बदलल्याची तारीख खताबियाण्याच्या वहीत लिहून ठेवा. आणि खुणा जुळेनातच, तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला घरी बोलवा. त्यात कमीपणा नाही.