फ्रेश, सेकंड, फेंट

मुंबईच्या वाद्यांच्या दुकानात फोन केला की पत्त्यापाशी माझी गाडी हमखास अडते.

"नाव?" सांगतो.

"गाव?"

"सचिन."

"नाव झालं हो, गाव सांगा."

"गावच सचिन. नवसारीच्या पुढे, सुरतच्या अलीकडे."

मग पलीकडचा हसतो, तेंडुलकरवर दोन वाक्यं बोलतो, आणि तो हसतोय तोवर मी दर दोन-तीनशेने खाली ओढून घेतो. गावाच्या नावाचा एवढाच काय तो फायदा.

तसं पाहिलं तर गावाचा जन्मच एक्स्चेंज ऑफरमधला. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या बालूमियाँ सिद्दीने १७९१ मध्ये पेशव्यांशी करार केला. जंजिऱ्यावरचा हक्क त्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतजवळचा मुलूख घेतला. तेच सचिन संस्थान, १९४८ पर्यंत टिकलं. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही. मोबदला पोचला, माल पोचला नाही. सेलमध्ये गिटार मागवायला निघालेल्या पोरांना मी ही गोष्ट ऐकवतो. पोरं "हो सर" म्हणतात आणि मागवतात.

मी इथे संध्याकाळी गिटार शिकवतो आणि दिवसा गिटारी दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत खानदेशातली मुलं पुष्कळ. कुणाचे वडील जीआयडीसीतल्या डाइंग मिलमध्ये, कुणी स्वतःच एसईझेडमध्ये हिऱ्याच्या कामाला. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, साठ टक्के ऑफ आहे, घेऊ का?" साठ टक्के कशाचे, हे कुणी विचारत नाही. खोक्यावर छापलेली किंमत छापणाऱ्यानेच ठरवलेली असते. कमाल किंमत म्हणजे याहून जास्त घेऊ नये अशी मर्यादा. तेवढ्याला ती गिटार कधी कुणी घेतली असेल असं नाही. मी मुलांना विचारतो, टक्के राहू दे, खिशातून किती जाणार ते सांग. बहुतेकदा उत्तर अडीच ते साडेतीन हजारांच्या मधलं. त्यात अडतीस इंची कटअवे गिटार, पिशवी, पट्टा, कापो, चार पिका आणि तारांचा जादा सेट. एवढं सगळं त्या पैशांत बसवायचं तर कुठेतरी हात आखडावा लागणारच. तो कुठे आखडला हे शोधणं हे माझं काम.

ही नजर मला गिटारने दिली नाही, नानांनी दिली. नाना, म्हणजे माझे वडील, अमळनेरहून आले आणि मिलच्या फोल्डिंग खात्यात लागले. रंगून, छापून आलेला तागा टेबलावरून सरकतो, खाली ट्यूबलाइट, आणि नाना उभे. तिथे मालाच्या तीन जाती. निर्दोष तो फ्रेश. डाग, छपाई सरकलेली, रंगात थोडा फरक, तो सेकंड. आणि ज्याचे तुकडेच करावे लागतात तो फेंट. सेकंडचा भाव पडतो, पण त्याची साडी पाच वर्षं नेसता येते. मी लहानपणी डबा द्यायला गेलो की नाना एखादा तागा उलटून दाखवत. "डाग दिसतो म्हणून गिऱ्हाईक घाबरतं. ताणा तुटलेला त्याला दिसतच नाही, त्याचे तो पूर्ण पैसे देतो."

हे ऐकलेलं असूनही सतराव्या वर्षी मी फेंट घरी आणला. सुरतच्या एका दुकानात क्लासिकल गिटार टांगलेली होती. बावीसशेची चौदाशेला. "छेल्लो भाव," दुकानदार म्हणाला. मला तिचं रुंद नेक आवडलं, डोक्यातल्या दोन खाचा आवडल्या. नायलॉनच्या तारा मात्र आवडल्या नाहीत. सिनेमातल्या गिटारीसारखा छणछणीत आवाज येईना. दुकानदाराने तोडगा सांगितला: "स्टील लगाडी दो ने, भाई." त्यानेच लावून दिल्या. महिन्याभरात ब्रिजच्या मागचं लाकूड फुगलं. मला वाटलं, आवाज मोठा झाला म्हणून असेल. मे महिन्यात एका रात्री धाडकन आवाज झाला, आई स्वयंपाकघराकडे धावली. तिला वाटलं कुकर गेला. ब्रिज उपटून तारांना लोंबत होता, खाली फिक्या लाकडाची चिरफळी.

का ते पुढे कळलं. स्टीलच्या सहा तारा मिळून सुमारे सत्तर किलोच्या ताकदीने ब्रिज ओढतात. नायलॉनच्या साधारण चाळीस. क्लासिकलचं तोंडचं लाकूड पातळ, आतल्या पट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. स्पेनच्या अंतोनिओ दे तोर्रेसने एकोणिसाव्या शतकात ही घडण पक्की केली तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. नायलॉन आलं दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि सेगोव्हियासारख्या वादकाने उचलून धरलं म्हणून रुळलं. स्टीलची गिटार हे वेगळंच घराणं: आत फुलीसारख्या जाड पट्ट्या, नेकमध्ये लोखंडी ट्रस रॉड, नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारांच्या खाचा असतात तिथे, रुंदी त्रेचाळीस मिलिमीटरच्या आसपास. क्लासिकलची बावन्न. म्हणून स्वस्त मिळतेय एवढ्यावर यातली एक घेऊन तिच्याकडून दुसरीचं काम करून घेऊ नये. फिल्मी गाणी, कॉर्ड, सोबत गायचंय तर स्टील. बोटांनी सुटे सूर काढायचेत, किंवा पोर आठ-नऊ वर्षांचं आहे, तर नायलॉन. मात्र लहान हाताला पूर्ण मापाची नको, तीन-चतुर्थांश मापाची बघावी. बरेच बाप "वाढत्या अंगाची" म्हणून मोठीच घेतात, शाळेचा शर्ट घेतल्यासारखी.

आता मी गिटार हातात घेतो ती नानांसारखीच, उजेडावर. आधी नेकच्या कडेवरून नजर टाकतो, सुतार फळीवरून टाकतो तशी. पिळा असेल तर तिथेच ठेवून देतो. ट्रस रॉडने बाक निघतो, पिळा निघत नाही. मग पहिला आणि चौदावा फ्रेट एकदम दाबून मध्ये सातव्यापाशी बघतो. तार आणि फ्रेट यांत पातळ कागदाएवढी फट हवी. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावतो. स्टीलच्या गिटारीत जाड तार दोन ते अडीच मिलिमीटर वर असली की उत्तम, क्लासिकलमध्ये तीन-चार चालते. खोक्यातून आलेल्या सेलच्या गिटारीत ही उंची कधीकधी पाच भरते. मुलगा आठवडाभर दाबतो, बोटं सोलतात, आणि तो घरी जाहीर करतो की आपल्याला संगीत येणार नाही.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तीच तार तिथेच दाबून निघणारा स्वर. दोन्ही जुळले पाहिजेत. थोडा फरक असला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा पेलणारी पट्टी, घासून, तारा बदलून सावरता येतो. पण ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवला असेल तर ती गिटार जन्मभर बेसूर. वर कितीही चमको. नानांच्या भाषेत तुटलेला ताणा तो हा.

उलट वरचं पॉलिश उडालंय, कडेला ठोका बसलाय, खुंट्या जड फिरतात, हे सगळं सेकंड. खुशाल घ्यावं. मी स्वतः तर दुकानात टांगलेला डिस्प्ले पीस आधी मागतो. शेकडो हातांनी तो खाजवलेला असतो, पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे असतात, आणि तरीही तो सरळ उभा असतो. खोक्यातल्या गिटारीची अशी परीक्षा झालेली नसते. फक्त तो काचेमागे उन्हात टांगलेला नव्हता ना, एवढं बघायचं.

एकदा फिंगरबोर्ड शिसवीचा आहे म्हणून एकजण फार खूश होऊन आला. आपली शिसव जगभरच्या गिटारींना लागते. ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाली तेव्हा, साठच्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने हिंदुस्थानी शिसवीकडे मोर्चा वळवला. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा कितीतरी कंपन्यांनी दुसरी लाकडं लावायला घेतली. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरात. हे सगळं मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगत होतो आणि ओल्या फडक्याने फिंगरबोर्ड पुसत होतो. फडकं काळं झालं. नाना दारात बसले होते. त्यांनी फडक्याकडे एकदा बघितलं. "कच्चा रंग," म्हणाले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

खरेदीला मी वर्षातून एकदा मुंबईला जातो. सुरतहून पहाटे फ्लाइंग राणी, मग धोबी तलाव. तिथल्या जेर महालात गोव्याच्या गावागावांच्या कूड, म्हणजे मुंबईत कामाला आलेल्या गोवेकरांचे क्लब; आणि त्याच भागात फुर्टाडोस हे वाद्यांचं दुकान, १८६५ पासूनचं. गोव्याहून आलेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेमाला व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार पुरवली, त्यामुळे दुकान तिथे असणं ओघानेच आलं. मला त्या भागात किमतीपेक्षा एक गोष्ट स्वस्त वाटते: एका जागी वीस गिटारी वाजवून बघता येतात. एकाच मॉडेलच्या, एकाच किमतीच्या चार यामाहा सी-चाळीस मांडीवर घेतल्या तर एक बाकीच्या तिघींपेक्षा मोकळी बोलते. ती कुठली हे कुठल्याही स्क्रीनवर कळायचं नाही. राणीला डबल डेकर डबे होते तोवर मी परतीला वरच्या मजल्यावर बसायचो, गिटार गुडघ्यांत धरून. २०२३ मध्ये ते डबे गेले. आता गिटार बाकाखाली सारावी लागते आणि वापीपर्यंत कुणाचा पाय लागेल या धास्तीत जातं.

सेलच्या वेळेबद्दलही एक शंका मी बाळगून असतो. मोठी सवलत येते दसरा-दिवाळीला. म्हणजे त्या गिटारीने आख्खा पावसाळा कुठल्यातरी गोदामात काढलेला. लाकडाला पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. आमच्याकडे जुलैत भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वळतं. फुगलेलं लाकूड पुढे हिवाळ्यात आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. नेकवरून तळवा फिरवला की करवतीचे दात लागतात. ते घासून काढणं तासाभराचं काम, घाबरण्यासारखं काही नाही. साउंडहोलमध्ये नाक घालून वास मात्र घ्यावा. कुबट आला तर आतल्या पट्ट्या सुटायच्या बेतात असू शकतात. दुकानातले लोक बघतात, बघू देत.

माझं निम्मं काम कानस घेऊन नट आणि सॅडल घासण्याचं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, त्याची मला नेहमी आठवण येते. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे ब्रिजचा माथा इतका बारीक उतार देऊन घासतात की तार त्याला जेमतेम घासत राहावी आणि तो भरलेला झंकार उठावा. मी नेमकं उलटं करतो. गिटारीत तार कुठेही घासली की ती खोड. त्यांना जी झणझण हवी तीच घालवण्याचे मी पैसे घेतो. पण हात तोच, कानस तशीच, आणि एक घाव जास्त बसला की पट्टी फेकून नवी लावायची, हेही तेच. कारखान्यात हे काम शेवटचं असतं आणि किंमत पाडायची वेळ आली की पहिलं गळतं, कारण ते यंत्रावर होत नाही आणि फोटोत दिसत नाही.

मागच्या रविवारी एक मुलगा आला. शिंदखेड्याकडचा, प्रिंटिंग मिलमध्ये रात्रपाळी. गिटार पासष्ट टक्के सवलतीची, दोन हजार आठशेला पडलेली. म्हणाला, "सर, एफ कॉर्ड लागतच नाही. चार महिने झाले. बोटात दम नाही बहुतेक."

नेक सरळ. ब्रिज जागेवर. बाराव्या फ्रेटचे दोन्ही स्वर जवळजवळ एक. तोंडाला प्लायवूड, फिंगरबोर्डला काळा रंग, ते तर होतंच. दोष एकच, नटच्या खाचा कोरल्याच नव्हत्या, नुसत्या आखल्यासारख्या होत्या; पहिल्या फ्रेटवर तार दाबायला अंगठा मोडावा लागत होता. मी तारा सैल केल्या, एकेक खाच घासत गेलो. घास, तार चढव, बघ, उतरव, पुन्हा घास. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले. पाऊण तास लागला. सॅडल खालून दीड मिलिमीटर उतरवला.

मुलाने एफ धरला. सहाही तारा वाजल्या. त्याने हात काढून बोटांकडे बघितलं, पुन्हा धरला.

"सेकंड आहे," नाना मला म्हणाले. "चांगला सेकंड."

"किती झाले सर?" मुलाने पाकीट काढलं.

"दोनशे."

तो जरा घुटमळला. "शेवटचे किती?"

मी दीडशे म्हणालो.