घेणारा नसलेला कचरा

सत्तर-ऐंशीच्या दशकात चाळीत नाहीतर वाड्यात वाढलेल्या आम्हा मंडळींच्या घरात टाकून द्यायचं म्हणून फार काही नसायचंच. जवळपास प्रत्येक वस्तूला कोणीतरी घेणारा ठरलेला असे. भाजीची देठं गाईला, चुलीची राख भांड्यांना. जुने कपडे बोहारणीकडे. तिच्याशी तासभर हुज्जत घालून आई एखादं स्टीलचं पातेलं पदरात पाडून घ्यायची. बोहारणीने नाकारलेल्या लुगड्यांची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. जरीच्या काठासाठी दारावर येणारा माणूस वेगळाच. आरेच्या दुधाची रिकामी बाटली परत केल्याशिवाय भरलेली मिळत नसे. वाण्याकडची पुडी सोडली की कागद घडी करून फळीखाली जाई आणि दोरा गुंडाळीवर.

रद्दीवाला आला की तागडीवर सगळ्यांचे डोळे. तो काटा मारतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असे आणि तरीही पुढच्या महिन्यात त्यालाच हाक जाई.

तेव्हाही काही वस्तू कोणालाच नको असत. फुटक्या कपबशा, गेलेले बल्ब, ट्रान्झिस्टरचे सेल. सेल आधी उन्हात ठेवून पाहायचे, दोन दिवस विविध भारती ऐकून घ्यायची, मग पोरं दगडाने ते फोडून आतली काळी कांडी काढत आणि तिने फरशीवर रेघोट्या ओढत. त्यातली काळी भुकटी अंगाला लागू देऊ नये, हे सांगणारं कोणी नव्हतं. कपबशांचे तुकडे गच्चीच्या कोब्यात बसत.

हे सगळं गोड होतं असं मात्र नाही. त्या काटकसरीमागे बायकांचे हात राबत होते. पाळीचे कपडे धुऊन, कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवावे लागत. ते दिवस परत यावेत असं त्या पिढीतली एकही बाई म्हणणार नाही.

मग पिशवीतलं दूध आलं. पिशव्या धुऊन ओट्यामागच्या फरशीवर चिकटवलेल्या असत, कारण त्यांनाही घेणारा होता. नंतर आली शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी, वेफर्सचं पाकीट. रद्दीवाल्याने पाकीट चिमटीत धरलं, उलटंपालटं केलं आणि परत आपल्याच हातात दिलं. आतून चंदेरी दिसणारं ते पाकीट म्हणजे एकमेकांना चिकटवलेले प्लास्टिकचे पातळ थर आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. हवा आणि ओल आत शिरू नये म्हणून केलेली ही करामत. थर सुटे करायला जेवढा खर्च येतो तेवढा पैसा मालातून सुटत नाही. थर्माकोलचं दुखणं निराळं. तो वितळवून पुन्हा वापरता येतो. पण टेम्पोभर नेला तरी वजन भरत नाही, मग वाहतूक कोणाला परवडणार? सॅनिटरी पॅड आणि डायपर यांत तर कापसासारखा लगदा, प्लास्टिक आणि पाणी शोषणारी जेल एकत्र.

असा माल जातो कुठे? मुंबईचा बराचसा कचरा १९२७ पासून देवनारच्या कचराभूमीवर गेला. तिथे ओल्या कचऱ्यातून मिथेन हा जळाऊ वायू निघतो आणि सुकं प्लास्टिक सरपण होतं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी सांगितलं, की पुनर्वापर होत नाही पण किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देतो असा कचरा पुरायचा नाही. तो इंधन म्हणून वापरायचा. सिमेंटच्या भट्टीत क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे, साधारण १४५० अंश सेल्सिअसवर तयार होतं. तिथे कोळशाच्या जोडीने हे प्लास्टिक जळतं आणि त्याची राख क्लिंकरमध्येच मिसळून जाते. मात्र खरकट्याने भिजलेलं पाकीट इंधन म्हणूनही कुचकामी.

म्हणजे जुनंच सूत्र आजही खरं. घेणारा मिळायला हवा तर वस्तू सुटी आणि कोरडी हवी. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका; तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं पुण्याच्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने सुचवलं. तेवढं केलं तर पुडी उघडून आत हात घालण्याची पाळी कोणावर येत नाही. आणि ज्याला घेणारा नाही असं काही घरी आणण्याआधी एकदा उरुळी देवाची आणि फुरसुंगी आठवा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्या दोन गावांच्या उशाशी पडत होता.