दोन बोटांवरचं विमान

रेडिओवर चालणारं छोटं विमान घेऊन रानात उतरलो की गंगाखेडात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, किती किलोमीटर जातंय हे?" दुसरा किमतीचा. दोन्हींची उत्तरं देतो. पण विमान उडणार की आपटणार हे ज्यावर ठरतं, ते कुणी विचारत नाही: नाकातली बॅटरी नेमकी कुठे बसवलीय?

माझ्या नेहमीच्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मीटर, रुंदी 20 सेंटिमीटर. सगळं मिळून वजन 700 ग्रॅमच्या आसपास. त्यात शेपटीचे पट्टे हलवणारे सर्व्हो 9-9 ग्रॅमचे आणि बॅटरी एकटी 180 ग्रॅमची. मागे-पुढे सरकवून तोल साधता येईल असं वजन तेवढं एकच. पंखाच्या पुढच्या कडेपासून 5 ते साडेसहा सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश भागात, दोन्ही पंखांना खालून एकेक बोट लावायचं आणि विमान उचलायचं. नाक किंचित झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. जागा नसेल तर विमान घरी न्या. नाकाला जड विमान सुस्त उडतं, पण उडतं. शेपटीला जड विमान हातातून सुटताच नाक वर करतं, वेग घालवतं आणि कोसळतं. मोठी मोटर लावून हा दोष जात नाही. फक्त ते जरा उंचावरून कोसळतं.

बाल्सा हे या छंदाचं खानदानी लाकूड. ते मुख्यतः इक्वेडोरहून येतं, आणि किमतीतही तेवढंच दूरचं आहे. आम्ही सनपॅकवर, म्हणजे प्रचारफलकांच्या पोकळ प्लॅस्टिक शीटवर, भागवतो. निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या कच्च्या मालाचा हंगाम सुरू होतो. मालकाला विचारून फलक उतरवायचे. शीटच्या पोकळ नळ्यांत बांबूची कामटी सरकवली की पंख ताठ होतो. उमेदवाराचा चेहरा पंखाच्या खालच्या बाजूला येणार नाही एवढं मी बघतो, गावात राहायचं आहे. शेपटीपर्यंत जाणाऱ्या दांड्यांना सायकलच्या चाकाची तार चालते. थर्माकोल हलका, पण त्याला फेव्हिक्विक लावू नका, खड्डा पडतो.

ग्रॅमचा हिशेब माणसाला कुठवर नेतो हे मेनार्ड हिल या अमेरिकन माणसाने दाखवलं. जागतिक विक्रमासाठी मॉडेलचं वजन इंधनासह 5 किलोच्या आत लागतं. त्या मर्यादेत त्याने बाल्सा आणि पातळ प्लॅस्टिकच्या आवरणाचं विमान केलं. ऑगस्ट 2003 मध्ये ते न्यूफाउंडलंडहून निघालं आणि जवळपास 39 तासांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. 3,000 किलोमीटरहून जास्त. मधल्या समुद्रावर यंत्रणा आपोआप दिशा धरत होती, उड्डाण आणि उतरणं माणसांच्या हाती. हिल तेव्हा सत्त्याहत्तरीचा होता, आणि त्याची नजर बरीचशी गेलेली होती.

वजनानंतर हवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 42 ला टेकतो. 15 अंशांच्या हवेपेक्षा ही हवा साडेआठ टक्के विरळ. तेवढंच वजन उचलायला पंखाला चार-पाच टक्के जास्त वेग लागतो, म्हणून उन्हाळ्यात विमान उतरतानाही धावतच येतं. त्यात आपली जमीन काळी. नांगरून टाकलेलं रान तापतं, त्यावरची हवा वर उठते. शेजारी पाणी दिलेला ऊस असला की तिथे हवा खाली बसते. बांध ओलांडताना विमान एकदा उचललं जातं आणि लगेच दचकून खाली येतं. नवखा तिथे घाबरून रिमोटची काठी मागे ओढतो. नाक वर, वेग खलास. तिथे नाक थोडं खाली घालावं लागतं, आणि हात ते सहजी ऐकत नाही.

वर उठणारी हवा नेमकी कुठे आहे हे घारी सांगतात. पंख न हलवता त्या जिथे गोल फिरतात, तिथे मोटर बंद करून विमान नेलं की फुकटात उंची मिळते. पिल्लांच्या दिवसांत मात्र त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. त्या विमानावर झडप घालतात. संक्रांतीच्या आठवड्यात तर मी विमान काढतच नाही, मांजा दिसत नाही. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पात्रातली वाळू उतरायला मऊ, पण मोटरीत शिरते. आम्हाला सगळ्यांत सोयीचे दिवस दिवाळीचे: सोयाबीन निघालेलं, हरभरा अजून पेरायचा.

विमान आपल्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटतं. त्यावर जुना तोडगा आहे: जो पंख खाली गेला, त्याच बाजूला काठी ढकला. आणि नजरेच्या टप्प्याबाहेर नेऊ नका. 2021 चे ड्रोन नियम मॉडेल विमानाची ओळखच तशी सांगतात: वजन 25 किलोपर्यंत, शिक्षण-संशोधनासाठी किंवा हौसेसाठी, आणि नजरेच्या टप्प्यात. सरकारी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यातही उंची 400 फुटांपर्यंतच. किलोमीटरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच येतं.

हल्ली पोरांना विमानावर कॅमेरा हवा असतो. बसवा की. पण बसवल्यावर आधी दोन बोटं लावा, मग बॅटरी कुठे सरकवायची ते बघू.