हललेला फोटो

आमचे आबा घाटघरचे. जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी आमची भाताची खाचरं. सत्तरी उलटली तरी आबा नाणेघाटापर्यंत सहज चालत जायचे. पण गेल्या आवणीत बांध चढताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं सीटी स्कॅन करू. रक्तवाहिनी कुठं तुंबली असेल तर दिसेल."

यंत्र पाहून आबा म्हणाले, "हे तर भलंमोठं कडबोळं!" त्या कडबोळ्याच्या आत एक्स-रेची नळी गरगर फिरते आणि संगणक चित्र रचतो. हे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. ठिपके बारीक, तेवढी नक्षी स्पष्ट. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या डोक्याचं चित्र घेतलं, ते होतं ८० गुणिले ८० ठिपक्यांचं. आता साधारण ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं बारीक कामही दिसतं. ते लागतंच, कारण हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी सुरुवातीलाही जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद!

पण मुलांनो, डोकं स्थिर ठेवता येतं. हृदय कसं ठेवणार? मिनिटाला ७५ ठोके धरले, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद. शाळेच्या ग्रुप फोटोत कुणी ऐनवेळी मान हलवली की त्याला दोन नाकं येतात ना? तसंच हे. म्हणून आबांना ठोके संथ करणारी गोळी दिली, छातीवर ईसीजीच्या तारा लावल्या, शिरेतून औषध सोडलं आणि सांगितलं, "श्वास रोखा!"

चित्र आलं. उजवीकडची वाहिनी एका जागी तुटल्यासारखी दिसत होती. आईचा चेहरा पांढराफटक पडला. मी आबांचा हात घट्ट धरला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "थांबा. हा अडथळा आहे की हललेला फोटो, ते आधी बघू." आबांना पुन्हा आत जावं लागलं नाही. ईसीजीच्या मदतीनं संगणकानं त्याच स्कॅनमधून ठोक्याच्या दुसऱ्या क्षणाचं चित्र रचलं. आणि काय सांगू! तीच वाहिनी आता सलग दिसत होती. डावीकडच्या वाहिनीत मात्र थोडी चरबी साठलेली होती. ती दोन्ही चित्रांत होती, म्हणजे खरी. त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या, आणि आबांची तंबाखू बंद झाली.

आबा आता पुन्हा चालतात, पण बेतानं. परवा मला म्हणाले, "काळीज गप बसत नाही म्हणून तर मी हाय रं! फोटो हलला तर हलू दे."

खरंच की. फोटो घेणाऱ्यानं मात्र दोनदा बघायला हवं.