पुलावरून काय टाकलं?

ताटावर बसलेल्या माणसाला वाईट बातमी सांगू नये, असं जुनी माणसं म्हणायची. जेवून उठू दे, हात धुऊ दे, मग सांग. मिसिसिपीच्या डेल्टातल्या त्या शेतकरी घरात मात्र बातमी जेवणाच्या टेबलावरच येते. ३ जूनची दुपार, ऊन मी म्हणतंय. पोरगी कापसाची खुरपणी करून आलेली, भाऊ गवताचे भारे बांधून आलेला. पाय पुसून घरात या म्हणून आई हाकारते आणि त्याच दमात सांगून टाकते की बिली जो मॅकॅलिस्टरनं टॅलाहॅची नदीच्या पुलावरून उडी टाकली. बाप चवळीचं भांडं पुढे सरकवतो, मेलेल्या पोराची अक्कल काढतो, बिस्किटं मागतो. चहात बुडवायची नव्हेत, तिकडची गरम, मऊ, पावाच्या जातीची बिस्किटं. मग राहिलेल्या नांगरटीचा विषय निघतो.

एका हिट गाण्याची ही सुरुवात आहे, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. बॉबी जेंट्रीचं ‘ओड टू बिली जो’ १९६७च्या जुलैत बाजारात आलं. रेकॉर्ड कंपनीचा भरवसा खरं तर दुसऱ्याच गाण्यावर होता. ‘मिसिसिपी डेल्टा’ हे तिचं रांगडं, दणदणीत गाणं तबकडीच्या दर्शनी बाजूला जायचं होतं, आणि बिली जोची कथा मागच्या बाजूला. झालं उलटंच. २६ ऑगस्टला या गाण्यानं बीटल्सच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’ला खाली उतरवून बिलबोर्डच्या यादीत पहिला नंबर घेतला आणि चार आठवडे सोडला नाही. त्याच नावाच्या अल्बमनं पुढे बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’लाही पहिल्या जागेवरून हलवलं. केसात फुलं माळून तरुण पोरं सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाली होती, तो हा उन्हाळा. आणि रेडिओवर सगळ्यांत जास्त चाललं होतं ते एका आत्महत्येवरचं, जेवणाच्या टेबलावर घडणारं गाणं. खास कंट्री गाण्यांच्या यादीत मात्र ते १७व्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही. नॅशव्हिलच्या कंट्री पठडीत ते बसतच नव्हतं.

कंट्री संगीताला मरणाचं वावडं कधीच नव्हतं. इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी खुनाची पोवाडेवजा गाणी बरोबर आणली आणि अॅपलाचियाच्या डोंगरांत ती रुजली. १८०८मध्ये नॉर्थ कॅरोलायनात नाओमी वाइज नावाची मुलगी नदीत बुडवून मारली गेली. तिच्यावरचं ‘ओमी वाइज’ दीडशे वर्षांनंतरही गायलं जात होतं. लॉरा फॉस्टरच्या खुनाबद्दल टॉम ड्युला १८६८मध्ये फासावर गेला, आणि नव्वद वर्षांनी ‘टॉम डूली’ हे त्याचंच गाणं किंग्स्टन ट्रायोनं अमेरिकेत पहिल्या नंबरावर नेलं. ‘नॉक्सव्हिल गर्ल’ आणि ‘बँक्स ऑफ द ओहायो’ तर खुनी स्वतःच्याच तोंडानं गातो. या गाण्यांची रीत ठरलेली असते: मुलगी नदीच्या तळाशी, पुरुष काठावर, आणि सूर त्याचा.

जेंट्रीनं ही रीत उलटी करून टाकली. नदीत मुलगा गेला आहे. काठावर मुलगी उरली आहे आणि गोष्ट सांगते आहे ती. पण कशी सांगते? आई काय म्हणाली, वडील काय म्हणाले, भावाला कोणती जुनी खोडी आठवली (सिनेमाला गेलं असताना पाठीत बेडूक सोडल्याची), कुणी अॅपल पायचा आणखी एक तुकडा मागितला. टेबलावर स्वतःविषयी ती एक शब्द बोलत नाही. तिची अवस्था कळते तीही आईच्या कुरकुरीतून: सकाळपासून चुलीपुढे राबतेय आणि तू घासाला शिवली नाहीस. इतकंच. मग आई सहज सांगते की चर्चचा तरुण धर्मोपदेशक आला होता, आणि त्यानं म्हणे तुझ्यासारखीच दिसणारी एक मुलगी बिली जोबरोबर पुलावरून काहीतरी टाकताना पाहिली. विषय तिथेच संपतो, वाढप चालू राहतं.

कान देऊन ऐकलं तर हे सगळं वाद्यांतही आहे. ड्रम नाहीत. जेंट्रीची गिटार आहे, तिचा किंचित घोगरा, अजिबात न चढणारा आवाज आहे. जिमी हॅस्केलनं बांधलेला तंतुवाद्यांचा छोटा ताफा आहे, त्यात एक चेलो बोटांनी छेडत बासचं काम करतो. कडव्यागणिक ही वाद्यं थोडी जवळ सरकतात, हुंदका मात्र देत नाहीत. शेवटी तेवढे सूर घसरत घसरत खाली जातात. हॅस्केलला या रचनेसाठी ग्रॅमी मिळालं, जेंट्रीला तीन मिळाली. त्या वर्षीच्या ग्रॅमींपैकी एवढी हक्काची फार थोडी असतील.

आणि देशानं काय विचारलं? पुलावरून काय टाकलं? अंगठी? फुलं? तान्हं मूल? रेडिओवाले विचारत, वार्ताहर विचारत, लोक पैजा लावत. जेंट्री शांतपणे सांगत राहिली की ते महत्त्वाचं नाही. नकळत केल्या जाणाऱ्या निष्ठुरपणाचं हे गाणं आहे, टेबलाभोवतीच्या माणसांचं आहे. पुढे वडील वारतात, आई खचते, आणि आई व मुलगी दोघींच्या वाट्याला सारखंच दुःख येऊनही ती एकमेकींना दिसत नाही, हेही तिनंच सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते पटलं नाही. १९७६मध्ये मॅक्स बेअर ज्युनियरनं यावर सिनेमा काढला. पटकथाकार हर्मन राउचरनं जेंट्रीलाच विचारलं, त्यानं उडी का टाकली? तिनं सांगितलं, मला माहीत नाही. सिनेमाला मात्र उत्तर हवं होतं, म्हणून त्यानं बिली जोच्या पदरात दारूच्या नशेतला एक समलिंगी प्रसंग आणि त्याची लाज टाकली. गाण्यानं जे न सांगता वजनदार ठेवलं होतं, ते त्या कारणानं हलकं झालं.

टॅलाहॅचीत काय टाकलं, या प्रश्नाला मात्र त्या भागात आणखी एक उत्तर होतं, आणि ते सर्वांना ठाऊक होतं.

१९६७च्या नोव्हेंबरमध्ये ‘लाइफ’ मासिकानं जेंट्रीचा पूल ओलांडतानाचा फोटो छापला. तो पूल मनी नावाच्या खेड्याजवळचा, ग्रीनवुडपासून साधारण १६ किलोमीटरवरचा. याच मनीत ब्रायंट यांचं किराणा दुकान होतं. १९५५च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून मिसिसिपीतल्या नातेवाइकांकडे सुट्टीला आलेला एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा काळा मुलगा त्या दुकानात गेला. गोऱ्या दुकानदारणीशी तो आगाऊपणे वागला असा बोभाटा झाला. चारच दिवसांनी, २८ ऑगस्टच्या पहाटे, दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी एमेटला त्याच्या आजोळच्या माणसांच्या घरातून, अंथरुणातून उठवून नेलं. ३१ ऑगस्टला टॅलाहॅचीत त्याचं प्रेत सापडलं. गळ्याला काटेरी तारेनं कापसाच्या जिनिंगमधला लोखंडी पंखा बांधला होता. जिनिंग पाहिलेल्या माणसाला त्या पंख्याचं वजन सांगावं लागणार नाही. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. बोटातल्या वडिलांच्या अंगठीवरून ओळख पटली.

आई मेमी टिल हिनं शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला दिसू दे, हा तिचा हट्ट. हजारोंनी रांगा लावून पाहिलं, ‘जेट’ मासिकानं फोटो छापले. सप्टेंबरमध्ये समनर गावच्या कोर्टात खटला चालला. सगळे ज्युरी गोरे, सगळे पुरुष. सदुसष्ट मिनिटांत दोघे निर्दोष सुटले. मध्ये कोल्ड्रिंक प्यायला थांबलो नसतो तर इतकाही वेळ लागला नसता, असं एक ज्युरी नंतर म्हणाल्याची नोंद आहे. पुढच्या जानेवारीत त्या दोघांनी ‘लुक’ मासिकाकडून पैसे घेऊन खून केल्याचं सांगितलं. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, म्हणून त्यांना ते सांगता आलं.

‘ओड टू बिली जो’ हे एमेट टिलवरचं गाणं आहे, असं म्हणणं ओढूनताणून होईल. त्यात त्याचं नाव नाही, इशारा नाही, टेबलाभोवतीचं कुटुंब कोणत्या रंगाचं हेही सांगितलेलं नाही. पण नदी तीच आहे आणि खेडंही तेच. बारा वर्षांनी सबंध अमेरिका त्या नदीत काय टाकलं याची उत्सुकतेनं चर्चा करत होती, तेव्हा त्या चर्चेत एमेटचं नाव कुठे ऐकू येत नव्हतं. पुढे नदीकाठी जिथे त्याचं प्रेत काढलं असं मानतात, तिथे स्मरणफलक लावला. तो कुणीतरी उपटून नदीत फेकला. दुसरा लावला, त्याची गोळ्यांनी चाळण झाली. तिसऱ्यावरही गोळ्या झाडल्या. २०१९मध्ये बसवलेला चौथा फलक दोन क्विंटलांहून जड आणि गोळ्यांना दाद न देणारा आहे.

पूलही राहिला नाही. १९७२च्या जूनमध्ये तो आगीत सापडून कोसळला. आता तिथे दुसरा आहे.

जेंट्री स्वतः त्याच राज्यातली, पण डेल्टाच्या पूर्वेच्या चिकसॉ काउंटीतली. मूळ नाव रोबर्टा ली स्ट्रीटर. आजी-आजोबांच्या शेतावर वाढली. नातीला वाजवता यावं म्हणून आजीनं एक दुभती गाय देऊन शेजाऱ्याकडून पियानो घेतला. तेराव्या वर्षी ती आईकडे कॅलिफोर्नियात गेली, पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकली, आणि ‘रूबी जेंट्री’ या सिनेमावरून आडनाव उचललं. डेल्टाची भाषा, तिथली चवळी, तिथली आडनावं तिनं दूर राहून लिहिली, आणि कदाचित म्हणूनच इतकी नेमकी लिहिली. १९६८मध्ये बीबीसीनं तिला स्वतःची मालिका दिली. त्याच वर्षीचा ‘द डेल्टा स्वीट’ हा तिचा अल्बम फारसा खपला नाही, पण बिली जोपेक्षाही धाडसी आहे. ज्यांना हे एकच गाणं माहीत आहे त्यांनी तो आधी ऐकावा. मग लास वेगासचे झगमगते कार्यक्रम आले, आणि १९८२च्या एप्रिलमधल्या एका पुरस्कार सोहळ्यानंतर ती सार्वजनिक आयुष्यातून उठून गेली. मुलाखत नाही, कार्यक्रम नाही.

या गाण्याला लगेच उत्तर दिलं ते बॉब डिलननं. १९६७मध्येच वुडस्टॉकजवळच्या तळघरातल्या रेकॉर्डिंगांत त्यानं ‘क्लोथ्स लाइन सागा’ गायलं. ते बाहेर आलं १९७५मध्ये. दोरीवर कपडे वाळत घालणारं एक कुटुंब, आणि उपराष्ट्राध्यक्षाला वेड लागल्याची बातमी सांगणारा शेजारी. कुणी दचकत नाही, कपडे वाळले का ते पाहिलं जातं. लोक त्याला विडंबन म्हणतात, पण डिलनला वर्म नेमकं सापडलं होतं.

आणखी एक फांदी फुटली, तिचा या कथेशी संबंध उरलेला नाही. त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसननं ब्लू नोट कंपनीसाठी बिली जोची चाल शब्दांवाचून वाजवली. ड्रमवर न्यू ऑर्लीन्सचा लिओ मॉरिस होता, पुढे इद्रिस मुहम्मद या नावानं गाजलेला. सुरुवातीलाच त्यानं असा काही लचकता ठेका धरला की हिपहॉपवाल्यांनी तो पुन्हा पुन्हा उचलला, आणि ज्या गाण्यात मुळात ड्रमच नव्हते त्याचा ठेका पुढे कितीतरी रॅप रेकॉर्डांखाली वाजत राहिला.