दोन्ही टोकांचे ऐकणे

माझी कन्या आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहते. कॉक्लिअर इम्प्लांट असूनही रविवारचा घरचा फोन ती पूर्वी मैत्रिणीच्या हाती देई. मनातले सांगणे राहून जाई. साध्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी पोहोचतो. ‘स’, ‘श’ पुसट होतात, ओठही दिसत नाहीत. आता ती मोबाइल कानाच्या छिद्राशी नव्हे, तर कानामागील यंत्राच्या मायक्रोफोनजवळ धरते. गृहपालताई शांत खोली देतात. आम्ही आधी विषय सांगतो, वाक्ये लहान ठेवतो. कळले नाही तर ओरडत नाही, शब्द बदलतो. ऐकलेले ती परत सांगते. व्हिडिओ कॉल सोपा खरा. पण आजीकडे बटणांचाच फोन आहे. आजीही आता थांबून बोलते, आणि परीक्षेची भीती कन्येने प्रथम तिलाच सांगितली.